भगुन्याचा दुसरा कान

खिचडी कितीही निगुतीनं शिजवा, भगुन्याच्या बुडाला खरवड लागतेच. आज खरडा, उद्या पुन्हा हजर. किश्श्यांचंही तसंच असतं. आमच्या खिचडीच्या खोलीत गेल्या वर्षभरात इतके चिकटून बसलेत की खरडल्याशिवाय पुढचं काही शिजायचं नाही. म्हणून लिहायला बसले. मी चौथी पास आहे, आणि ज्या शाळेत चौथी पास झाले त्याच शाळेत आता खिचडी करते. कुणाला माझं शुद्धलेखन तपासायचं असेल तर त्यांनी आधी येऊन नव्वद लेकरांचा कांदा चिरून द्यावा!

शाळा औशाच्या जवळच, रस्त्याला लागून. आम्ही तिघी जणी. मी मंगल. दुसरी शमीमआपा. तिसरी गोदाबाई, वय अठ्ठावन्न, आमच्यात सगळ्यात जुनी. अठरा वर्षं झाली तिला या चुलीपुढं.

आमचा एक नियम आहे. खिचडीच्या भगुन्याला दोन कान असतात आणि एका बाईनं एकच कान धरायचा. एकटीनं भगुनं उचलायचं नाही, मग अंगात कितीही रग असो. या कानाला मी, त्या कानाला गोदाबाई. शमीमआपा पुढं चालणार, वाटेतली लेकरं हाकलत. खोलीपासून शाळेच्या व्हरांड्यापर्यंत अठरा पावलं आणि दोन पायऱ्या. अठरा वर्षांत शीत सांडलं नाही.

सांडली ती गोदाबाई.

*

मागच्या जुलैतली गोष्ट. उंचावरून नाही, पळताना नाही. धुतलेल्या फरशीवर उभ्या जागी घसरली आणि हात टेकला. तेवढ्यानं उजवं मनगट मोडलं.

पडल्या पडल्या ओरडली, "डाळ बघा गं, उतू चालली!"

मी म्हणलं, "हात बघू का डाळ?"

"हात कुठं पळून जायलाय? डाळ बघ!"

मी डाळ बघितली. मग हात बघितला. हात जिथं वाकतो तिथं न वाकता भलतीकडंच वाकला होता.

लातूरला नेली. डॉक्टरांनी विचारलं, "किती उंचावरून पडल्या?"

"न्हाई ओ, उभीच होते."

"उभ्या उभ्या पडून हाड मोडत नसतं, बाई."

गोदाबाईनं धड असलेला हात त्यांच्यापुढं केला. "मंग ह्याला सांगा. तो मोडला त्याला म्हाईत नव्हतं."

डॉक्टर काही हसले नाहीत. मशीनवर झोपवून हाडाची घनता तपासली. रिपोर्ट आला, त्यावर उणे दोन पॉइंट आठ. मी म्हणलं, हे मार्क किती पैकी? डॉक्टर म्हणले, पैकी वगैरे नसतं, हाडं पोकळ झाली आहेत, उणे जितकं जास्त तितकं वाईट. आता मी चौथीपर्यंत दोनदा गणितात नापास झालेली बाई. पण शून्याच्या खालीही मार्क पडतात, हे मला अठ्ठावन्न वर्षांच्या मैत्रिणीकडून कळलं.

*

प्लास्टर निघालं आणि गोदाबाई दुसऱ्या दिवशी कामावर आली. भाजी निवडते म्हणाली. तर शाळा समितीचे अध्यक्ष दारात उभे.

अध्यक्षांना गावात बापू म्हणतात. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, पायजम्याला इस्त्रीची घडी अशी की त्यावर कांदा कापावा. गावात सध्या नवीन घर फक्त त्यांचंच चाललंय, आणि दारापुढं नदीच्या वाळूचा ढीग. बाकी गाव मुरमावर भागवतंय.

बापू म्हणले, "गोदाबाई, आमाला तुमची काळजी हाय."

अध्यक्षाला काळजी वाटली की समजावं, कुणाची तरी सून रिकामी बसलेली आहे.

"मोडक्या हाताची बाई उकळत्या भगुन्यापाशी नको. उद्या लेकरावर सांडलं म्हंजी? सव्वीस जानेवारी झाली की बैठक घेऊ. सगळ्यांदेखत भगुनं उतरवून दाखवा. जमलं तर ऱ्हावा. न्हाई जमलं तर दुसरी बाई बघावी लागंल."

मी विचारलं, "दुसरी कोण बघितली हाय, बापू?"

"आजून कुणी न्हाई."

त्यांच्या चुलतभावाची सून दुसऱ्याच दिवशी माप घ्यायला आली. कशाचं? खोलीत फळी कुठं बसते त्याचं.

गोदाबाई घरी गेली तर तिचं पोरगं वेगळंच. बाळू त्याचं नाव, औशाला टायरचं दुकान. आईवर जीव आहे त्याचा. तो म्हणला, "माय, बस झालं. आता घरी बसून खा."

गोदाबाई मला म्हणली, "मंगल, बसवून ठिवलेली बाई आन् कोनाड्यातलं गाडगं सारखंच. कुणी तरी धक्का लावस्तोवर दोघं बी साजरे दिसत्यात."

तर असं. सव्वीस जानेवारी. तोवर तो हात भगुन्याच्या कानाला लागला पाहिजे होता.

*

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि व्यायामाला पाठवलं. तिथं एक फिजिओ मॅडम. वय असेल पंचवीस, मनगट माझ्या बोटाएवढं.

ती म्हणाली, "आजी, हाडं मजबूत करायची तर वजन उचलावं लागेल. हळूहळू, वाढवत वाढवत."

गोदाबाई म्हणाली, "माय, जलमभर वजनच उचललं की."

"काय काय उचललं?"

गोदाबाईनं सांगायला सुरुवात केली. पाण्याच्या तीन घागरी, दोन डोक्यावर एक कमरेला. जातं. सरपण. ज्वारीचं पोतं. मॅडम लिहून घेत होती.

"आणि आता?"

गोदाबाई बोटं मोजायला लागली. मग म्हणाली, "आता नळ आला. गिरणी आली. ग्यास आला."

"म्हणजे हाडाला वाटलं, आता आपलं काम नाही. हाडाला रोज कळवावं लागतं, आजी, की अजून काम आहे."

मला हे पटलं. आमच्या हेडसरांचंही असंच आहे, रोज कळवावं लागतं.

मग मॅडम माझ्याकडं वळली. "आजी, तुम्हीपण एका पायावर उभ्या राहून बघा."

"आजी कुणाची? तुझी?"

"काकू."

"हां."

उभी राहिले. भिंत धरायच्या आधी मी चार मोजले. मॅडम म्हणते तिनं दोनच मोजले. तिथल्या तिथं माझंही नाव वहीत लिहिलं.

*

तिसरं नाव शमीमआपाचं. ती नुसती सोबतीला आली होती, रस्त्यानं केळी घेऊन देईन म्हणून मीच नेली होती.

एक परीक्षा असते. खुर्चीत बसायचं, हात छातीवर बांधायचे, हाताचा टेका न घेता उठायचं, पुन्हा बसायचं. अर्ध्या मिनटात किती वेळा होतं ते मॅडम मोजते. गोदाबाईचे पाच झाले. माझे सात, त्यातला एक मॅडमनं धरला नाही. मी भांडले, तरी धरला नाही.

शमीमआपा बसली आणि सुरू झाली. उठ-बस, उठ-बस. शिवणयंत्राच्या सुईसारखी. मॅडमचं घड्याळ संपलं तरी बाई चालूच.

मॅडम उभीच राहिली. "कुठल्या जिमला जाता, काकू?"

आपा पदर नीट करत म्हणाली, "जिम कायकू, माय? पाँच वखत उठती-बैठती मैं. चालीस साल हो गये, फीस बी नहीं लगती!"

केळी मलाच घ्यावी लागली. डझनभर.

*

पहिला व्यायाम टाच आपटायचा. चवड्यावर उभं राहायचं आणि टाचा धप्पदिशी खाली सोडायच्या. तो दणका पायातून कंबरेपर्यंत जातो आणि हाडाला निरोप मिळतो. दिवसातून तीनदा करायचा.

मी घरी स्वयंपाकघरातच करायचे. भाकरी टाकली तव्यावर की धप्प. उलटली की धप्प. आमचं घर जुनं, पत्र्याचं, मांडणीवरची भांडी वाजायची.

सासूबाई दारापाशी बसलेल्या असतात. वय ऐंशीच्या पुढं, तोंडाचा पट्टा अजून अठराचा. पहिल्या दिवशी त्यांनी आत बघितलं, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भाजीला नाव ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर चूल पेटलेली, आणि सासूबाई कप घेऊन उभ्या.

"च्या घे."

तीस वर्षांत पहिला कप. आठ दिवस चहा आला. नवव्या दिवशी त्यांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलेलं मी ऐकलं, "तू काय बोललास रे तिला? लई पाय आपटायलीय."

नवरा मला विचारायला आला. मी त्याला सगळं समजावून सांगितलं, हाडं काय, घनता काय. तो म्हणला, "मंग आईला सांगतो."

मी म्हणलं, "सांगून तर बघ."

चहा अजून येतो.

*

गोदाबाईची आठवड्याची गोळी सोमवारची. सकाळी उपाशीपोटी, तांब्याभर पाण्यासंगं घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. गोळी मधेच अडकली तर घशाखाली जाळते म्हणे. ताठ बसलं तरी चालतं. पण गोदाबाईला कुठलीही गोष्ट अर्धी पटत नाही. ती उभी राहायची. अंगणात, भिंतीला पाठ न लावता, दोन्ही हात खाली सोडून, शाळेत सावधान म्हणल्यासारखी. तोंडानं बोलायची नाही, गोळी वर येईल म्हणून.

तिसऱ्या सोमवारी शेजारची मंडळी बाळूच्या दुकानावर गेली. पुढं एक म्हातारा, मागं चार.

"बाळू, तुझी माय रोज उन्हात कामून उभी असती?"

"रोज न्हाई, सोमवारी."

"सोमवारीच कामून?"

"डॉक्टरनं सांगितलंय."

म्हातारा म्हणला, "आमच्या वक्ताला बी सुना सासूला तरास द्यायच्या. पण वार ठरवून न्हाई!"

बाळूची बायको गरीब गाय. ती पुढच्या सोमवारी सासूसाठी खुर्ची घेऊन अंगणात आली. गोदाबाई बोलत नव्हती, हातानंच नको म्हणाली. लोकांनी ते पाहिलं. आता गावात असं झालं की सून बस म्हणते पण सासू बसत नाही, म्हणजे भांडण केवढं मोठं असेल!

*

लोह्याला माझी धाकटी बहीण आहे, नांदेड जिल्ह्यात. फोनवर तिला सगळं सांगत असते. तिनं तिकडं आठ-दहा बाया जमवल्या. एक दिवस व्हिडिओ कॉल आला.

"आक्का, बघ! आमी ऊन घेऊन राहिलोत. हाडाला ऊन पाहिजे म्हणून सांगितलं होतंस ना?"

बघितलं. गच्चीवर रांगेनं बसलेल्या. तोंडाला स्कार्फ, हातात कोपरापर्यंत मोजे, पायात मोजे, डोळ्याला गॉगल. गाडीवर बसून बँक लुटायला निघाल्यासारख्या.

मी म्हणलं, "ऊन कुठं लागायलंय तुमाला?"

"लागायलंय की. बघ, पाणी किती तापलं."

मधोमध पाण्याची कॅन ठेवलेली होती. तिची हाडं लई मजबूत झाली असतील.

*

आता वजनाचं सांगते. मॅडमनं सांगितलं, हाताला एक किलोपासून सुरू करा. दुकानातली लोखंडी वजनं कोण आणणार? शमीमआपानं बाळूच्या जुन्या पँटीचे पाय कापले, एक तोंड शिवलं, आत मुरूम भरला, दुसरं तोंड शिवलं. खोलीतल्या काट्यावर तोलून घेतलं. प्रत्येकीची वेगळी पिशवी, आणि तिच्यावर लाल दोऱ्यानं नाव. शमीम, मंगल, गोदा. ठेवायची कुठं, तर धान्याच्या फळीवर, मागच्या बाजूला, फडकं झाकून. दिवाळीपर्यंत गोदाबाई एकावरून दोन किलोवर आली होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तपासणीचे साहेब आले. कुणीतरी तक्रार केली होती की बाया तांदूळ घरी नेतात. कुणी केली ते मला ठाऊक आहे. लिहीत नाही, कारण त्याच्याच घरापुढून मला रोज यावं लागतं.

साहेबांनी पोती मोजली. डबे मोजले. मग फळीवरचं फडकं उचललं.

तीन पिशव्या. गच्च भरलेल्या. प्रत्येकीवर नाव.

साहेब हेडसरांकडं बघत म्हणले, "वाटणीसुद्धा करून ठेवलीय!"

हेडसरांना घाम फुटला. ते घाबरले की त्यांचा चष्मा आपोआप खाली येतो. दारात बापू उभे होते. त्यांना कुणी बोलावलं होतं ते आम्हाला अजून समजलेलं नाही.

साहेबांनी कात्री मागितली. गोदाबाईनं दिली, मुठीकडून, सभ्यपणे. साहेबांनी गोदा नावाची पिशवी घेतली, टाका उसवला आणि टेबलावर उपडी केली. मुरूम भसकन साहेबांच्या बुटावर.

साहेबांनी चिमूटभर उचलून बघितला.

"हे काय आहे?"

गोदाबाई म्हणली, "मुरूम."

"शाळेत मुरूम कशाला?"

"हाडाला."

"हाडाला मुरूम?"

"वाळू परवडत न्हाई, सायेब."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. शमीमआपाकडं बघितलं. ती म्हणाली, "साब, वो दो किलो होता. अब कम हो गया. परत भर के देव."

साहेबांनी बूट झटकले आणि शेऱ्याच्या वहीत लिहिलं. हेडसरांनी आम्हाला नंतर वाचून दाखवलं. 'धान्य बरोबर. मुरूम जादा.'

*

डिसेंबरात गोदाबाईची पिशवी तीन किलोची झाली. पण तीन किलो म्हणजे भगुनं नव्हे. मॅडम म्हणाली, आता खरं भगुनं घ्या, पण रिकामं. मग थोडं पाणी. मग थोडं जास्त. आणि वाकायचं कंबरेतून नाही, गुडघ्यातून. पाठ ताठ. आणि गरम भगुन्याला तिनं सांगेपर्यंत हात नाही.

म्हणून शाळा सुटल्यावर आम्ही दोघी पाणी भरलेलं भगुनं घेऊन चालायचो. पहिल्या आठवड्यात दहा तांबे पाणी. मग पंधरा. मग वीस. खोलीपासून व्हरांडा, व्हरांड्यावरून कडुलिंबाच्या झाडापर्यंत. पाणी टाकून कशाला द्यायचं, म्हणून झाडाला.

गोदाबाई वाटेत कण्हायची नाही. पण एकदा पंचवीस तांब्यांच्या दिवशी पायरीपाशी थांबली. तिनं भगुनं खाली ठेवलं आणि मनगट धरून बसली.

"मंगल, न्हाई जमलं तर?"

मी म्हणलं, "तर कोनाड्यात बसशील."

रागानं बघितलं तिनं माझ्याकडं. मग उठली, कान धरला. मला माहीत होतं. गोदाबाईला धीर दिला की रडते, टोचलं की उठते.

इकडं हेडसर रोज खिडकीतून बघायचे. त्यांना वाटलं झाडासाठीच चाललंय. त्यांनी फोटो काढला आणि वर पाठवून दिला. खाली लिहिलं, 'स्वयंपाकी मदतनिसांनी स्वयंस्फूर्तीने वृक्षसंवर्धन केले.' आमच्या शाळेला कौतुकाचं पत्र आलं. लिंबाला इतकं पाणी कधी मिळालं नव्हतं. ते बिचारं इतकं फोफावलं की फेब्रुवारीत त्याची एक फांदी तोडावी लागली, पत्र्याला लागायला लागली म्हणून.

*

सव्वीस जानेवारी झाली. झेंडा झाला, लेकरांना जिलेबी झाली. चार दिवसांनी बैठक.

मॅडमनं होकार दिला होता. म्हणाली होती, दोघींनी मिळून, रोजच्यासारखं, घाई नाही. गोदाबाईनं सकाळपासून खिचडी स्वतः शिजवली. कुणाला डावही लावू दिला नाही. भगुनं गच्च भरलेलं, वरून झाकण बांधलेलं. लेकरं वर्गात, दार लावून. आम्ही काही येड्या नाही.

समितीचे सातजण व्हरांड्यात बसले. बापू मधोमध, पायजम्याची घडी सरळ. चुलतभावाची सून लिंबाखाली उभी होती. तिच्या हातात नवा झारा होता. मी खोटं लिहीत नाही.

गोदाबाई चुलीपुढं आली. फडकं घेतलं. मी दुसऱ्या कानापाशी गेले.

"थांबा," बापू म्हणले. "तुमी न्हाई."

"कामून?"

"तुमी मैतरणी. सगळा भार तुमी तुमच्या अंगावर घेचाल आन् गोदाबाईचा हात नुसता लागल्यावानी करचाल. आमाला काय कळणार?"

शमीमआपा पुढं झाली.

"आपा, तुमी बी न्हाई. तुमी तिघी एकच."

हेडसर हळूच म्हणले, "पण बापू, भगुनं एकटीनं उचलायचं नाही असा इथला नियम आहे. आणि धोका आहे."

"मी कुठं एकटीनं मनलाव? दुसरं कुणी बी धरा."

कुणी उठेना. भावाच्या सुनेकडं सगळ्यांनी बघितलं. ती झाऱ्याकडं बघायला लागली.

गोदाबाईनं बापूंकडं बघितलं. ती म्हणाली, "मंग बापू, तुमीच धरा की. माझ्याकडं किती भार हाय ते दुसऱ्या कानाला असल्याबिगर कुणालाच कळत न्हाई."

सातातले सहाजण बापूंकडं वळले. सातवे बापूच होते.

बापू उठले. बाह्या वर केल्या. गोदाबाईनं त्यांच्याकडं फडकं फेकलं. "नीट धरा, भाजंल. आन् कंबरंतून वाकू नका. गुडघ्यातून."

"मला शिकवू नका, बाई."

बापू कंबरेतून वाकले.

"एक, दोन, तीन," गोदाबाईनं मोजलं.

भगुनं उचललं. तिचा कान वर, बापूंचा कान जरा खाली. शमीमआपा सवयीनं पुढं चालायला लागली. मी मागं, दोन्ही हात पुढं करून, पावलं मोजत. चार. पाच. सहा. बापूंच्या मानेवरची शीर वर आली. सात. आठ.

नवव्या पावलाला बापू म्हणले, "ठिवा. ठिवा जरा."

"मधी ठिवत नसत्यात, बापू. मधी ठिवलं की परत उचलाया दुप्पट लागतंय. चला."

"अवं ठिवा!"

"लेकरं जेवायची हायेत. माझ्याकडं बघू नका, पायरीकडं बघा."

मी पुढं झाले. मला वाटलं आता बापूंच्या कानाला हात लावावा, नाहीतर नव्वद लेकरं उपाशी. गोदाबाईनं माझ्याकडं एकदाच बघितलं. मी हात मागं घेतला. बापूंचा हात ढिला पडत चालला, तसं तिनं भगुनं आपल्याकडं ओढलं. म्हणजे भार तिच्या अंगावर येत होता. मोडलेलं मनगट, उणे दोन पॉइंट आठ. ते हललं नाही.

सोळा. सतरा. अठरा. पहिली पायरी. दुसरी.

भगुनं व्हरांड्यात टेकलं. शीत सांडलं नव्हतं.

गोदाबाईनं हात पुसले आणि झाकणाची दोरी सोडायला लागली. बापू भिंत धरून उभे होते. त्यांच्या तोंडाचा रंग पायजम्यासारखा. सहाजणांपैकी एकानं पाणी आणलं.

हेडसर वही उघडून बसले. "ठराव लिहितो. गोदाबाईंनी भगुनं उतरवलं. कामावर कायम. आणि दुसऱ्या बाजूला कोण होतं ते..."

"ते लिहू नका," बापू म्हणले.

सही करताना त्यांचं नाव वहीच्या रेघेवरून खाली उतरलं. लेकरं जेवली, शाळा सुटली. भावाची सून झारा घेऊन घरी गेली. चांगला होता झारा.

*

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी खोली उघडली. टाचा आपटून झाल्या, आणि पिशव्या घ्यायला मी फळीवरचं फडकं उचललं.

तीन नाही, चार पिशव्या.

चौथीवर नाव नव्हतं. पांढऱ्या पायजम्याचा पाय कापून शिवलेली. टाके पुरुषाचे, एक इथं तर एक तिथं. इस्त्रीची घडी अजून दिसत होती.

शमीमआपानं बोटानं दाबून बघितली. "मुरूम नहीं ये. नदी का रेता."

आम्ही तिघींनी एकमेकींकडं बघितलं.

गोदाबाईनं ती पिशवी उचलली. उजव्या हातानं, त्याच हातानं, आणि काट्यावर ठेवली. पाच किलो भरली.

"अगं बया," गोदाबाई म्हणली.

तिनं पाटावर बसून टाके उसवले, चार किलो वाळू काढून डब्यात भरून ठेवली, सुईत लाल दोरा ओवला आणि पिशवीचं तोंड परत बारीक टाक्यांनी शिवून टाकलं. मग ती पिशवी उचलून आमच्या तिघींच्या शेजारी ठेवली, आणि फडकं झाकत म्हणाली,

"पहिल्या दिवशी येवढं नसतंय उचलायचं."